न झालेल्या ऑपरेशनचा सत्कार

माणच्या गेणबांना स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. शेत आयटी पार्कात गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या मुलानं, माऊलीनं, भाड्याच्या खोल्यांची इमारत उठवली, आणि गेणबांचे हात एकदम मोकळे पडले. मग ते सकाळी पाना-पकड घेऊन भाडेकरूंच्या दारात उभे राहायला लागले.

"नळ गळतोय का?"

"नाही काका."

"गळंल. बगतो."

आणि गेणबांनी बघितल्यावर तो खरंच गळायला लागायचा.

त्यांची नात गौतमी चौथीत होती आणि आजोबांवर गेली होती, फक्त तिच्या हातात पकडीऐवजी सायकल होती. शेजारच्या नव्या इमारतीत तळघराच्या पार्किंगकडे उतरणारा सिमेंटचा उतार होता. एका शनिवारी तिनं भाडेकरूंच्या पोरांशी पैज लावली, की ब्रेक न लावता खाली जाऊन दाखवते. गेली. खाली खांब होता. पुढचं चाक आडवं झालं आणि हँडलचं टोक गौतमीच्या डाव्या बरगडीखाली पोटात घुसलं. ती उठली, फ्रॉक झटकला, "जिंकले" म्हणाली आणि घरी आली. घरी बोलली असती तर सायकल माळ्यावर गेली असती, म्हणून बोलली नाही.

जेवायला बसली आणि अर्धी भाकरी टाकून आडवी झाली.

"काय गं?" आई साधनानं विचारलं.

"खांदा दुखतोय."

खांदा दुखतो म्हटल्यावर गेणबा तेलाची वाटी कोमट करूनच आले. "उतरला आसंल. आत्ता बसिवतो." त्यांनी डावा खांदा असा काही रगडला की दुसरी कुणी पोर असती तर तिनं सगळं कबूल केलं असतं. गौतमीनं मात्र ओकारी काढली आणि ती पांढरी पडली. साधनाला हे बरं दिसेना. तिनं फ्रॉक वर केला. खांद्याला काही नव्हतं, पण डाव्या बरगडीखाली बांगडीएवढा गोल, निळा वळ उठला होता.

"आबा, तेल ठेवा," साधना म्हणाली. ती सासऱ्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती, त्यामुळे त्यांनी वाटी खरंच खाली ठेवली.

माऊली कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, तो ड्यूटीवर होता. वरच्या मजल्यावर मृण्मयी राहायची, मूळची अकोल्याची, घरून काम करणारी. ती मीटिंगमध्ये "दोन मिनिटं, इमर्जन्सी" असं म्हणून लॅपटॉप उघडाच टाकून गाडीची किल्ली घेऊन खाली आली. नांदे, सूस ही गावं मागं टाकत त्या बावधनच्या एका मोठ्या हॉस्पिटलला निघाल्या. गेणबा पुढच्या सीटवर बसून "दुसरा टाक, आता तिसरा" असं सांगत होते. गाडीला गिअर नव्हतेच, पण मृण्मयीनं वाटभर "हो काका" म्हटलं.

हॉस्पिटलात लहान मुलांची सर्जन होती डॉ. सुनीती. अंगानं बारीक, केसांना चिमटा, पायात कॅनव्हासचे बूट. गेणबांनी तिला आधी कॉलेजची पोरगी समजून "मोठ्या डाक्टरला बोलीव बाळ" असं सांगितलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. पोट हलक्या हातानं दाबून पाहिलं, सलाइन लावलं, सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला, आणि मग ती बाहेर येऊन तिघांसमोर उभी राहिली.

"हँडलचा मार पोटाला बसलाय. आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली आहे. तिथलं रक्त पोटात साठलंय, म्हणून खांदा दुखत होता. पोटातल्या रक्ताची कळ कधीकधी तिकडे निघते."

साधनानं पदर तोंडाला लावला. गेणबांनी शर्टाच्या बाह्या सारल्या.

"मग कापा! सही कुटं करायची?"

"सही ठेवून घेऊ. पण आत्ता ऑपरेशन करायचं नाही."

"म्हंजी उद्या?"

"बहुतेक उद्याही नाही. तिची नाडी, रक्तदाब ठीक आहे. लहान मुलांची पाणथरी बहुतेक वेळा आपलीआपण भरून येते."

गेणबांनी एकदा साधनाकडे, एकदा मृण्मयीकडे बघितलं. आपण ऐकलं तेच यांनीही ऐकलं का, असं त्यांना विचारायचं होतं.

"बाई," ते म्हणाले, "फाटलीया बी म्हंता, आन शिवायची न्हाई बी म्हंता. आवो, पोतं फाटलं तरी मानूस दाभण घिऊन बसतं!"

"पोतं आपोआप जुळत नाही आबा. हे जुळतं. आणि पोट उघडलं तर कधीकधी पाणथरी काढूनच टाकावी लागते. मग जन्मभर काही आजारांची भीती राहते. ठेवता येत असेल तर ठेवायची."

"मग तुमी करनार काय?"

"बघणार."

"बगनार?"

"पुन्हा पुन्हा नाडी, रक्तदाब, पोट, रक्ताची तपासणी. तिनं पडून राहायचं, आम्ही बघत राहायचं. जरा काही बिघडलं तर ऑपरेशन थिएटर वरच आहे."

"नुसतं बगायला आमी घरी बी बगितलं आसतं."

"घरी तुम्ही तेल चोळत होता," डॉक्टर म्हणाली. रागानं नाही, नोंद करावी तशी. साधना जमिनीकडे बघायला लागली. सांगितलं तिनंच होतं.

गेणबा बाहेर येऊन बाकड्यावर बसले. तेवढ्यात फोन वाजला. दादासाहेबांचा होता. दादासाहेब म्हणजे गेणबांच्या बायकोचा, चंद्राबाईचा, धाकटा भाऊ. गावच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष, आणि स्वतःचं अपेंडिक्स काढल्यापासून सगळ्या तालुक्याचा शस्त्रक्रिया सल्लागार.

"दाजी! आत्ता कळलं! काय म्हंत्यात डाक्टर? कापायचं कवा?"

गेणबांनी तोंड उघडलं. 'काही करणार नाहीत, बघत बसणार आहेत' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात नात आणली आणि डॉक्टर बघत बसलीय! हा मेव्हणा उद्या गावभर सांगणार, की दाजींना धड डॉक्टरसुद्धा शोधता आला नाही.

"झालं," गेणबा म्हणाले.

"काय झालं?"

"आपरेशन झालं. आत्ताच भाईर काढली पोरीला."

"आरं तिच्या! एवढ्यात?"

"मोटं हास्पिटल हाय. लगीच घेत्यात."

"फाडून का दुर्बिणीतून?"

गेणबांना फाडून म्हणवेना. नातच होती ती. "दुर्बिणीतून," ते म्हणाले आणि फोन बंद करून कपाळ पुसलं.

संध्याकाळी अर्धं माण हॉस्पिटलाच्या फाटकाशी उभं होतं. कुणी शहाळी आणली होती, कुणी मटणाचा डबा. गौतमीला अतिदक्षता विभागात ठेवलेलं, आत एका वेळी एकच माणूस, त्यामुळे सगळा कारभार गेणबांच्या हातात आला. विचारणारा एकेक वाढत गेला तशी शस्त्रक्रियाही वाढत गेली. पहिल्यांदा डॉक्टर एक होती, मग तीन झाल्या. एक दुर्बीण जर्मनीची निघाली. चंद्राबाई शेजारी उभी राहून हे ऐकत होती. माणसं पांगल्यावर ती म्हणाली, "तुमी आता स्वतःच हात धुऊन आत घुसला आसता, येवडंच राह्यलंय."

"मग काय सांगू? कायबी क्येलं न्हाई म्हनून?"

"खरं सांगायचं."

"खरं कुनाला पटनार? मलाच पटंना."

आत गौतमीला स्वतःच्या पोटात काय फाटलंय याचं फार काही नव्हतं. त्याच पोटात काही घालू देत नाहीत, याचं होतं. सुरुवातीला तोंडानं काही नाही असा हुकूम होता. तिनं आधी भाकरी मागितली, मग बिस्कीट, मग नर्सला विचारलं, "सलाइनमध्ये आमरस घालता येतो का?" हलायचं नाही म्हटल्यावर तिनं पायाची बोटं हलवायला सुरुवात केली, आणि ती हलवायला चालतात की नाही यावर डॉक्टरांशी वाद घातला. डॉक्टर हरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती भांडेना. साधनानं भाकरीचं नाव काढलं तरी गौतमीनं डोळे उघडले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉ. सुनीती जिन्यानं जवळजवळ पळतच आली. हिमोग्लोबिन उतरलं होतं. माऊली रक्तपेढीकडे धावला. पिशवी आली, टांगली गेली, आणि लाल नळी गौतमीच्या हाताकडे हळूहळू भरत गेली.

गेणबा काचेपलीकडून बघत होते. डॉक्टर खाटेपाशी स्टूल ओढून बसली. नाडी बघायची, पोटावर हात ठेवायची, मॉनिटरकडे बघायची, पुन्हा पोटावर हात. जेवणाचा डबा कुणीतरी तिच्यासमोर ठेवला, तो तसाच थंड झाला. एकदा फोनवर ती म्हणाली, "थिएटर तयार ठेवा." मग खाटेकडे बघत राहिली. तिच्याइतकं टक लावून गेणबांनी आयुष्यात कधी कशाकडे बघितलं नव्हतं. खळ्यावरच्या धान्याकडेसुद्धा नाही.

ती बाहेर आली तशी त्यांनी तिची वाट अडवली.

"बाई... आता कापनार?"

"आपण कालपासून तेच म्हणत होता ना?"

"म्हनत हुतो. आता नगं वाटतंय."

तिनं काचेतून मागं बघितलं. "मलाही नको वाटतंय. रक्त चढल्यावर नाडी खाली येतेय. अजून थांबते. पण थांबायचं की नाही हे माझं मन नाही, तिचे आकडे सांगतील. पुन्हा उतरलं तर मी तुम्हाला विचारत बसणार नाही, सरळ घेऊन जाईन. चालेल?"

"चालंल," गेणबा म्हणाले. "तुमी जेवून घ्या."

पुन्हा उतरलं नाही. ऊन कलायच्या आत गौतमीनं डोळे उघडून पायाची बोटं हलवली, आणि साधना तिथंच, सगळ्या नर्सांसमोर, हुंदके देऊन रडली. गेणबा जिन्यात जाऊन रडले. तिथं एक वॉर्डबॉय होता, त्याला त्यांनी डोळ्यात काहीतरी गेलंय असं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं. महिना-सव्वा महिना पळायचं नाही, उडी नाही, सायकल नाही, कबड्डी नाही, भांडणसुद्धा हातापायांनी नाही. बाहेरून मुलगी बरी दिसली तरी आतली जखम कच्ची असते. पोट दुखलं, चक्कर आली, पांढरी पडली, की तडक हॉस्पिटल. साधनानं सगळं पाठ केलं.

आणि इथं गेणबांची थाप त्यांच्यावरच उलटली. ऑपरेशन झालंय आणि तेही दुर्बिणीतून, म्हटल्यावर गावाच्या लेखी पोर बरी झालीच होती. बायका टाके बघायला यायच्या. "टाकं आतनं हायेत," गेणबा सांगायचे. दादासाहेब येऊन गौतमीला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "दाजी, हिला निजवून काय ठेवलीया? माजं फाडून क्येल्यालं, तरी मी आठवड्यात मोटारसायकल चालवत हुतो. दुर्बिणीचं पोरगं तर दुसऱ्या दिवशी झाडावर दिसाया पायजे."

"डाक्टर म्हनली इश्रांती."

"डाक्टर म्हनतातच. उठीव तिला. जत्रा आलीया. लेझमात पुढं ह्यीच पायजे मला."

गौतमीचे डोळे चमकले. पलंगावर पडून पडून ती छताला कंटाळली होती. त्या दिवसापासून तिला आवरणं हे साऱ्या घराचं कामच होऊन बसलं. मृण्मयी वर मीटिंग संपवून खाली पत्ते खेळायला यायची आणि रोज हरायची.

जत्रेच्या तोंडावर चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दादासाहेबांचा हात जोडलेला मोठा फोटो होता, कोपऱ्यात गौतमीचा छोटा, आणि मध्ये अक्षरं: 'अत्यंत अवघड शस्त्रक्रिया यशस्वी केल्याबद्दल डॉ. सुनीती यांचा माण ग्रामस्थांच्या वतीने जाहीर सत्कार'. गेणबांच्या पायाखालची जमीनच सरकली. भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, ते पकड घेऊन खांबावर चढले आणि तारेचा पहिला पीळ सोडवू लागले.

"शाबास दाजी!" खालून दादासाहेबांचा आवाज आला. "ढिला झालाय व्हय? ताना, ताना! वाऱ्यानं फडफडत हुता."

गेणबांनी तार ताणून घट्ट बांधली आणि खाली उतरले.

डॉ. सुनीतीला दादासाहेबांनी 'लहान मुलांच्या अपघातांवर चार शब्द बोला' एवढंच सांगून बोलावलं होतं. तिला ते आवडलं. रविवारी सकाळी ती आपली गाडी घेऊन आली, चौकात उतरली, फ्लेक्स वाचला, आणि परत वाचला. विचारायच्या आत ढोल वाजले, कुणी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तिला थेट देवळासमोरच्या स्टेजवर गेणबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

दादासाहेब माइकवर सुरू झाले. "मंडळी! डोळ्यांपुढं आणा! पोर टेबलावर! भाईर आमचं दाजी देव पाण्यात घालून बसल्यालं! आन आत म्याडमच्या हातात सुरी!"

डॉक्टर गेणबांच्या कानाशी झुकली. "आबा, हे कुणाच्या ऑपरेशनबद्दल बोलतायत?"

"पानी घ्या म्याडम," गेणबा म्हणाले.

"आबा."

"जर्मनीची दुर्बीण!" दादासाहेब गरजले.

डॉक्टरनं पाणी घेतलं.

इथवर गेणबा सगळं गिळून बसले होते. सत्कार होईल, शाल पडेल, बाई परत जातील, आणि त्यांच्या पाया पडून माफी मागता येईल, असा त्यांचा हिशोब होता. पण दादासाहेबांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. "आन आता," ते म्हणाले, "ह्या आपरेशनचा गुण तुमी तुमच्या डोळ्यांनी बगा! लेझमाच्या पुढं, कुमारी गौतमी!"

हलगी कडाडली. पुढच्या रांगेत साधनाशेजारी बसवलेली गौतमी उठली, कुणीतरी तिच्या हातात लेझीम दिलं, साधनानं तिचा दंड धरला, गौतमीनं तो सोडवला. स्टेजवर डॉक्टर ताडकन उभी राहिली. पण तिच्याआधी गेणबा उठले होते. त्यांनी मेव्हण्याच्या हातातून माइक हिसकावला आणि पहिल्यांदाच माइकवर बोलणारा माणूस ओरडतो तसे ओरडले, "बस खाली!"

सारं गाव खाली बसलं. हलगीवालासुद्धा.

"आपरेशन झाल्यालं न्हाई," गेणबा म्हणाले. माइकनं एक शिट्टी मारली. "कुनी कापलं न्हाई. दुर्बीण न्हाई, जर्मनी न्हाई. पोरीची पाणथरी फाटल्याली, ती अजून आत जुळतीया. म्हनून तिला उड्या मारायच्या न्हाईत. थाप म्या मारली. मला वाटलं, डाक्टर नुसती बसून ऱ्हायली म्हनून सांगितलं तर तुमी हसाल."

कुणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतून चंद्राबाई मोठ्यांदा हसली, आणि मग सगळ्यांनाच वाट मोकळी झाली.

दादासाहेब मात्र शाल हातात धरून तसेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. "मग दाजी," ते हळूच म्हणाले, पण माइक चालूच होता, "ह्यो सत्कार कशाचा करायचा?"

"आपरेशन न क्येल्याचा," गेणबा म्हणाले. "म्या समोर उभा राहून कापा कापा म्हनत हुतो, तरी बाईंनी न्हाई कापलं. दुपारभर खाटंशी बसल्या, जेवल्या न्हाईत. मला आसं बसाया सांगितलं तर मी मरंन."

डॉक्टरच्या खांद्यावर शाल पडली, नारळ मिळाला. डॉ. सुनीती माइकशी आली तेव्हा तिला काय बोलायचं होतं ते सगळं विसरली होती. ती एवढंच म्हणाली, की सायकलवरून पडलेलं पोर उठून चालायला लागलं तरी एकदा पोट बघा, पोट दुखतंय का, खांदा दुखतोय का विचारा, आणि कृपा करून तेल चोळू नका. आणि मग, "सगळ्यांनाच न कापता बरं करता येत नाही. हिला आलं, याचा मलाही आनंद झालाय." टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर ती गाडीकडे निघाली, तर अर्ध्या गावानं आपापली पोरं पोटं उघडी करून तिच्यापुढं रांगेत उभी केली होती. ती जेवायला बसली तेव्हा तिसरी पंगत उठत होती.

दादासाहेब चार दिवस गेणबांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन चहा प्यायले आणि म्हणाले, की आपलं अपेंडिक्ससुद्धा कदाचित ठेवता आलं असतं, घाई झाली. त्याचं त्यांना बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

सव्वा महिना सरला. सोनोग्राफी झाली, डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "जा, पळ." गौतमी तिथूनच पळाली. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर वळणाला पाय घसरला, आणि ती गुडघ्यावर आपटली. गुडघा फुटला. ती भोकाड पसरून रडायला लागली.

साधना, माऊली, गेणबा, तिघंही तिच्याभोवती बसले, तो लालभडक, साधासुधा, बाहेरून दिसणारा गुडघा बघितला, आणि एकमेकांकडे बघून हसायला लागले. माऊलीला तर हसू आवरेना.

"हसताय काय?" गौतमी रडता रडता ओरडली. "मला लागलंय!"

"व्हय गं माजे बाय," गेणबा तिला उचलून घेत म्हणाले, "लागलंय खरं. लई झ्याक लागलंय."